चिंधीचा रंग सांगा

पत्रकाचा नियम असा की पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला ते सांगायचं आणि दुसऱ्या ओळीत कधी झाला ते. बाकी रडगाणं नंतर.

अन्याय झाला तो आमच्या डिलाईल रोडच्या साइटवरच्या पोकलेन ऑपरेटरवर. वय त्रेसष्ट, गाव मालवणच्या बाजूला, राहणं लालबागला चाळीतल्या दोन खोल्यांत, उंची बेताची आणि आवाज बेताबाहेरचा. झाला तो सुरक्षा सप्ताह संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये, एसीच्या थेट झोताखाली. करणारे दोघं. एक कंत्राटदाराचं ऑफिस. दुसरी मी.

आता नीट सांगते.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की पुढच्या साइटवर फोन जातो. आम्ही सगळे त्यांना बुवा म्हणायचो. भजनी बुवा नव्हेत. ते गाऱ्हाणं घालायचे म्हणून बुवा. कोकणातल्या देवळात मानकरी देवासमोर उभा राहून सगळ्या गावाचं मागणं खड्या आवाजात मांडतो आणि जमलेली मंडळी त्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात, ते गाऱ्हाणं. बुवा ते पोकलेनसमोर घालायचे. दिवसातून आठ-दहा वेळा. हेल्मेट घालून.

आमची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. तोवर आम्हाला शेजारच्याच तात्पुरत्या इमारतीत ठेवलंय. मध्ये फक्त निळा पत्रा. मी रहिवाशांच्या समितीत आहे, पत्रकं लिहिते. धुळीवर लिहिलंय, पाण्यावर लिहिलंय, लिफ्टवर तर तीनदा लिहिलंय. तर काम सुरू होऊन दोनेक महिने झाले, तेव्हा पत्र्याच्या पलीकडून मला हे ऐकू यायला लागलं. मशीनच्या घरघरीत शब्द कळायचे नाहीत. एक चढा सूर, शेवटी 'म्हाराजा', आणि त्यावर तीस गळ्यांचं 'व्हय म्हाराजा!' मग मशीनचा आवाज. तासाभराने परत तेच.

मी खवळले. इथे माणसं उंच बांबूंवर लोंबकळतायत आणि हे देवाला साकडं घालतायत! त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'साइटवर देवाला साकडं, सुरक्षेला वाकडं!' ओळ माझी. आजही चांगली वाटते, म्हणून जास्त लाज वाटते. घरोघर वाटलं, गेटवर चिकटवलं, साइट ऑफिसच्या टेबलावर नेऊन आपटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक बुटके, पिवळ्या जाकिटातले गृहस्थ पत्रक हातात धरून आमच्या जिन्याशी आले.

"ह्या कोणी लिवल्यान?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरा लिवलंस गो बाय. वळ झक्कास जमली. फकत एक गजाल असा. ता खोटा असा."

"काय खोटं? तुम्ही ओरडत नाही रोज?"

"आरडतंय. पण देवाक नाय. चल, दाखवतंय."

गेटवर इनासकाका होते. वरळी कोळीवाड्याजवळचे, चर्चच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे आणि इथे मशीनला इशारे करणारे सिग्नलमन. एका हातात लाल बावटा, एका हातात हिरवा. त्यांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं, पट्टा हनुवटीखाली इतका घट्ट ओढला की मला पुढची पाच मिनिटं वाद घालता येईना. मला वाटतं तोच हेतू होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोकलेन म्हणजे साखळीच्या पायांवर फिरणारं ते लांब हाताचं खोदायचं मशीन. त्याच्या हाताला माती काढायला बकेट लावतात आणि काँक्रीट फोडायला ब्रेकर, म्हणजे पुरुषभर उंचीची छिन्नी. दोन्ही बदलून बदलून लावायची. पूर्वी घणाचे घाव घालून पिना ठोकायच्या, अर्धा तास जायचा. आता मनगटाच्या जागी कपलर असतो. बकेटीच्या पाठीवर दोन जाड दांडे असतात. कपलरचा आकडा पुढचा दांडा पकडतो, मग जबडा बंद होऊन मागचा. केबिनमध्ये बटण दाबलं की झालं. हिरवा दिवा लागतो. चाळीस सेकंद.

आणि मग केबिनमधून खाली उतरून, कपलरच्या आरपार एक पिन हाताने घालायची असते, जबडा पुन्हा उघडू नये म्हणून. ही पिन कोणी घालत नाही. कारण खाली उतरावं लागतं. जबड्याने मागचा दांडा पकडलाच नसेल तरी बकेट पकडल्यासारखी दिसते, दिवाही हिरवाच असतो, आणि पहिल्या झोक्याला ती निघून पडते. खाली जो असेल त्याच्यावर. बकेट म्हणजे आपल्या न्हाणीघरातली नव्हे. तिच्यात चार माणसं बसून पत्ते खेळू शकतात.

बुवा उतरायचे. तोंड मशीनकडे ठेवून, दोन हात आणि एक पाय कायम कशावर तरी, देवळातून पाठ न दाखवता बाहेर पडावं तसे. पिन घालायचे. मग मशीनसमोर उभे राहून, हात जोडून नव्हे तर कमरेवर ठेवून, सुरू करायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला शब्द ऐकू आले.

"बा कपलरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गवंडी, फिटर, सळईवाले, सगळे.

"आज ही बकेट हातात घेतलेली असा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो फुडचो दांडो आकड्यात बसलेलो असा, आनी पाठचो दांडो जबड्यात गावलेलो असा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पिन हयसून थय आरपार गेलेली असा, आनी तिच्या शेपटाक चिंधी बांधलेली असा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बकेटीच्या सावलीत कोणाचो घोव, कोणाची बायल, कोणाचो साहेब उभो नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो कोण न बघता व्हय म्हणात, तेच्या ताटातली कोळंबी पयल्या घासाक कुसकी निघांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि इनासकाकांचं एकट्याचं, गंभीर, "आमेन."

म्हणजे ती तपासणी होती! अथपासून इतिपर्यंत तपासणी. देव त्यात नावालाही नव्हता. मी त्या पट्ट्याच्या आत जेवढं लाल होता येतं तेवढी झाले. आणि बुवा अजून संपले नव्हते.

"बाय, पिन दिसली तुका?"

"दिसली."

"चिंधी?"

"दिसली."

"रंग सांग."

"निळा."

"ता आभाळ, गो."

तीस माणसं हसली. मला खाली वाकून, वळसा घालून मशीनच्या पलीकडच्या बाजूला जावं लागलं. तिथे पिनच्या टोकाला एक कापडाची पट्टी बांधलेली होती. मोरपिशी. ती अलीकडून दिसूच शकत नव्हती. पिन पूर्ण आरपार गेली तरच चिंधी बांधता येते, आणि पलीकडे जाऊन बघितलं तरच रंग कळतो. हे कुठल्या पुस्तकातलं नाही. हे त्यांच्या डोक्यातलं.

झालं असं होतं की पहिले काही दिवस मंडळी उत्साहाने बघायची आणि 'व्हय' म्हणायची. मग नुसतीच 'व्हय' म्हणायला लागली. एकदा एकाने चहाच्या टपरीवरून, पाठ फिरवून 'व्हय म्हाराजा' दिलं. बुवांनी किल्ली काढली, बकेटीच्या कडेवर बसले आणि सकाळी दहा वाजता जेवणाचा डबा उघडला. काँक्रीटच्या दोन गाड्या गेटवर घुरघुरत उभ्या. साइट इंजिनियर, आमचे धाकटे साहेब, पोरगेलेसे आणि तसे भले, धावत आले.

"बुवा, काय झालं? मशीन बिघडली?"

"मशीन बरी असा. व्हय बिघडला."

त्या दिवसापासून चिंधी. बुवांची बायको, आमच्या काकू, घरी ब्लाउज शिवतात. रोज सकाळी त्या उरलेल्या कापडांतून आठ-दहा तुकडे काढून बुवांच्या डब्याच्या पिशवीत टाकतात. कुठले, ते बुवांनाही आधी ठाऊक नसतं. प्रत्येक बदलाला नवीन चिंधी. शेवटचं 'व्हय म्हाराजा' झालं की बुवा बोट दाखवतील त्याने रंग सांगायचा. चुकला तर बकेट जमिनीवरच.

परिणाम असा की ब्लाउजपीसचे रंग बायकांइतके नेमके ओळखणारे पुरुष तुम्हाला अख्ख्या मुंबईत आमच्या साइटवरच भेटतील. बिहारचा सळईवाला जिन्यावरून ओरडायचा, "बुवा, चिंतामणी!" बंगालचा गवंडी म्हणायचा, "राणी है, राणी! मजेंटा बोलने का नहीं!" एकदा अबोली की केशरी यावर साइटचे दोन तट पडले. वीस मिनिटं काम बंद. धाकटे साहेब डोकं धरून बसले. शेवटी बुवांनी काकूंना फोन लावला, स्पीकर चालू केला.

"गे, ही दोन नंबरची चिंधी कसली दिलंस?"

"कोणती? ती अबोली?" शिलाई मशीनच्या आवाजातून काकू म्हणाल्या. "वरच्या माळ्यावरल्या सुनेचो ब्लाउज तो. अजून न्हेल्यान नाय. कित्याक?"

निम्म्या साइटने टाळ्या वाजवल्या. उरलेल्या निम्म्याने तोंड पाडलं. पण बघितलं होतं सगळ्यांनी!

मला विचाराल तर हाच मुद्दा आहे. हिरव्या दिव्याबद्दल बुवांचं एक वाक्य होतं, ते मी वहीत लिहून ठेवलंय: "दिवो पेटलो म्हणजे दिवो पेटलो. पिन बसली, असा तो खंय म्हणता?"

त्यानंतर मी रोज जायला लागले. धुळीची तक्रार करायला जाते असं घरी सांगून. हेल्मेट आपलं आपण घालायला शिकले. बुवांचं सगळंच तपासून. गाऱ्हाणं झाल्यावर ते बकेट जमिनीपासून हातभर उचलायचे, तीनदा हलवायचे, मगच काम. ही सवय अंगात इतकी मुरली होती की चहाचा कप तीनदा हलवून मग ओठाला लावायचे. खुर्ची तीनदा हलवून बसायचे. आमच्या इमारतीत कोणाकडे हळदीकुंकवाच्या वेळी काकूंना न्यायला आले, तर दाराची कडी तीनदा ओढून घरमालकिणीला म्हणाले, "वरचो स्क्रू ढिलो असा," आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्यांच्या जावयाबद्दल साइटवर एक दंतकथा होती. मी थेट विचारलं.

"बुवा, मुलीचं लग्न ठरवताना तुम्ही जावयाला तीनदा हलवून बघितलं, हे खरं?"

"हलवूक नाय," ते जरा दुखावून म्हणाले. "खांद्यार हात ठेवन वायच दाबलंय. हललो नाय. म्हटलंय, बसलो."

मी इतकी हसले की इनासकाकांनी सवयीने लाल बावटा वर केला आणि मशीन थांबलं.

आणि या सगळ्या दिवसांत माझं ते पत्रक साइट ऑफिसच्या फाइलमध्ये पडून होतं. मागे घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. एक ओळ पुरली असती: 'मी न बघता लिहिलं, चुकले.' पण पत्रक मागे घ्यायला आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. एक मागे घेतलं की पुढच्या दहावर कोण विश्वास ठेवणार, असं मी स्वतःला सांगत राहिले. बुवांनी त्याबद्दल परत कधी एक शब्द काढला नाही, म्हणून ते मिटलं असं मी धरून चालले.

मग आला सुरक्षा सप्ताह.

मंडप, लाल गालिचा, बॅनर, समोसे. मुख्य ऑफिसातून मोठे साहेब आले, पांढराशुभ्र शर्ट, त्याहून शुभ्र हेल्मेट, इस्त्री केलेलं असावं. नारळ फोडला. लक्षात ठेवा, नारळ फोडला. भाषणात म्हणाले की जग कुठे चाललंय, आमच्या मशीनचं अवजार चाळीस सेकंदांत बदलतं, ऑपरेटरला खाली उतरायचीसुद्धा गरज नाही. आता प्रात्यक्षिक. त्यानंतर उचललेल्या बकेटीखाली साहेबांचा फोटो.

पुन्हा वाचा. बकेटीखाली फोटो. सुरक्षा सप्ताहात.

फोटोत दिसावा म्हणून ऑफिसच्या लोकांनी बकेटीच्या पाठीला 'सुरक्षा प्रथम' असा बोर्ड बांधला होता. लोखंडी पट्ट्यांची चौकट, बांधणीच्या तारेने थेट मागच्या दांड्याला आवळलेली. बुवांनी सकाळीच धाकट्या साहेबांना सांगितलं होतं, "सायबा, ह्यो बोर्ड काढ. जबडो मिटाचो नाय." धाकटे साहेब म्हणाले, "बुवा, वरून आलाय. आजचा दिवस सांभाळून घ्या."

बुवा केबिनमध्ये चढले. आकडा बसला, जबडा मिटल्यासारखा दिसला, हिरवा दिवा लागला. टाळ्या. कोणीतरी घड्याळ बघून ओरडलं, "अडतीस सेकंद!" आणखी टाळ्या. मग बुवा इंजिन मंद करून, तोंड मशीनकडे ठेवून, सावकाश खाली उतरायला लागले. टाळ्या विरळ झाल्या.

त्यांनी पिन घातली. जाईना. परत घातली. जाईना. धाकटे साहेब कुजबुजत पुढे आले. पण कुजबुज कसली, त्यांच्या कॉलरला माईक होता, ती सगळ्या मंडपाला ऐकू गेली: "बुवा, आज राहू दे ना पिन. कॅमेरा चालू आहे."

"मग बकेट उचल म्हणान माका सांगू नको."

मोठे साहेब हसून म्हणाले, "काय प्रॉब्लेम आहे, काका?"

"प्रॉब्लेम नाय. गाऱ्हाणा घालतंय," बुवा म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "बा कपलरा म्हाराजा!"

तीस माणसं गप्प. कोणीही 'व्हय' म्हणेना, कारण चिंधी नव्हती. त्या क्षणी मला त्या माणसांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. इनासकाका तर दोन्ही बावटे पाठीमागे धरून ताठ उभे, जणू राष्ट्रगीत चाललंय.

मोठ्या साहेबांना वाटलं, ही काहीतरी स्थानिक गंमत आहे आणि लोक लाजतायत. त्यांनी माईक घेतला. "अरे, ग्रीन लाइट आहे ना? मग बसली! व्हय म्हाराजा!"

"सायबानू, चिंधयेचो रंग?"

साहेबांनी मशीनकडे पाहिलं, मागे पाहिलं, इनासकाकांच्या पाठीमागून एक टोक डोकावत होतं ते पाहिलं, आणि आत्मविश्वासाने म्हणाले, "रेड!"

अख्खी साइट हसत सुटली. सळईवाला जमिनीवर बसला. माझ्या हातातला समोसा पडला. बुवा तेवढे हसले नाहीत. त्यांनी हाताने सगळ्यांना मागे सारलं, साहेबांना, फोटोग्राफरला, मलाही, चुन्याच्या रेषेच्या मागे. "सगळे पाठी. आजून. आजून." मग वर चढले, बकेट जमिनीपासून हातभर उचलली, एकदा हलवली, दोनदा हलवली.

धप्प.

हातभरावरूनच पडली, पण पायाखालची जमीन दणकली. 'सुरक्षा प्रथम' मध्ये दुमडून पुस्तकासारखा मिटला. धुळीचा एक लोट उठला आणि मुख्य ऑफिसच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांवर सारख्या प्रमाणात बसला. तो खाली बसल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "सर, तुम्ही त्या जागी उभे राहणार होता." कोणीतरी त्याला गप्प केलं.

मला वाटलं, आता बुवांचा सत्कार होणार. खरंच वाटलं. मी घरी जाऊन त्याचं पत्रक लिहायलाही बसले.

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांना पत्र दिलं. 'कामाच्या वेळेत धार्मिक विधी करणे, त्यात इतर कामगारांना सामील करून घेणे, कामास विलंब करणे व अधिकाऱ्यांचा उपमर्द करणे. सदर वर्तन सुरक्षेस बाधक आहे. सेवा समाप्त.' नारळ फोडणं हा धार्मिक विधी नाही, पिन बघणं हा धार्मिक विधी आहे! आणि पुरावा म्हणून सोबत एक कागद जोडलेला: 'स्थानिक रहिवाशांची लेखी तक्रार.' माझं पत्रक. माझी ओळ, ठळक अक्षरात.

धाकटे साहेब पत्र देताना जमिनीकडे बघत होते, असं इनासकाकांनी सांगितलं. बुवा कंटेनरमधून बाहेर आले तेव्हा मी गेटवर होते. मला शिव्या हव्या होत्या. मालवणीत त्या कितीतरी आहेत आणि बुवांना सगळ्या येतात. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

"बघ. तुझा सायबांनी जपून ठेवलेला."

"बुवा, मी उद्याच लिहून देते की..."

"उद्या कित्याक?" ते म्हणाले. "माजो डबो आज उचललंय मी."

बस. एवढंच. आणि लालबागच्या दिशेने चालायला लागले.

त्यांच्या हातात लायसन्स आहे, डोळे शाबूत आहेत, एक अपघात नाही. तरीही त्यानंतर परळ, दादर, वरळी, तीन साइटांवर विचारून आले आणि तिन्हीकडून परत आले, कारण 'सुरक्षेस बाधक' हे दोन शब्द त्यांच्या आधी पोचतात. ते घरी बसून काकूंना सुया ओवून देतात. शिलाई मशीनचं चाक तीनदा हलवून बघतात. काकू मला म्हणाल्या, "तेंका खंय तरी लाव गो. माजी मशीन झिजली."

मी माझं पत्रक लेखी मागे घेतलंय. त्याची प्रत ऑफिसला दिली, जिन्याजिन्यात लावली. ऑफिस म्हणतं, एका मुलीचं मत बदललं, त्याला काय करायचं? साक्षीदार आणा, शनिवारी अकरा वाजता ऐकून घेऊ. कामगार बोलले तर त्यांचाही डबा उचलला जाईल, ते मी त्यांच्याकडे मागणार नाही. इनासकाकांनी तरीही सही केली, खाली 'आमेन' लिहून. पण सिग्नलमनच्या एका सहीने ते शब्द पुसले जाणार नाहीत. ते पुसायला असा माणूस लागेल, ज्याला ऑफिस कामावरून काढू शकत नाही. म्हणजे तुम्ही.

साइटवर आता नवा ऑपरेटर आहे. चांगला मुलगा आहे, त्याला चाळीस सेकंद दिलेत. पत्र्याला आमच्या जिन्याजवळ जाळीची खिडकी आहे, तिथून मशीन सरळ दिसतं. बकेट बदलताना तो खाली उतरतो का? पिन घालतो का? बकेट कोणाच्या डोक्यावरून फिरते? मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही माझं ऐकून लिहाल, आणि ऐकून लिहिलेल्या एका कागदाने काय झालं ते वर वाचलंत. डिलाईल रोडवर राहत असाल तर उद्या सकाळी साडेनऊला त्या खिडकीपाशी या, एक पूर्ण बदल होईपर्यंत उभे राहा, आणि डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच, स्वतःच्या अक्षरात, नाव-पत्त्यासह लिहून शनिवारी अकराच्या आत माझ्या हातात द्या. दुसरीकडे राहत असाल तर तुमच्या घराखाली जे मशीन चालू आहे, त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि ऑपरेटरला खाली उतरून पिन दाखवायला सांगा. तो दाखवेपर्यंत हलू नका.